तीन, दोन, दोन, एक : काकूंचा क्यूब आणि माझी चूक

ही एका विद्यार्थिनीची केस आहे, पण लिहिता लिहिता लक्षात आलं की तिच्यापेक्षा जास्त ती माझीच आहे. रविवारी सकाळी मी घरी डायनिंग टेबलवर मण्यांचे दागिने शिकवते, चारपाच जणी असतात, सहाच्या वर घेत नाही कारण खुर्च्याच तेवढ्या आहेत. त्यातल्या एक काकू, वय ६१, पोस्टातून रिटायर झालेल्या, क्यूबिक राइट अँगल वीव्ह शिकायचं म्हणून आल्या आणि सहा रविवार त्यांना एकसुद्धा धड क्यूब जमला नाही. सातव्या रविवारी दहा मिनिटांत जमला. मधे काय झालं ते मी वहीत टिपून ठेवत होते, ते आता सगळं एकत्र लिहितेय. काकूंना विचारलंय, त्या म्हणाल्या लिही खुशाल पण माझं नाव नको.

आधी हा टाका काय असतो ते सांगते, ज्यांना येतो त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडा.

साधा राइट अँगल वीव्ह, आम्ही नुसतं ‘रॉ’ म्हणतो, म्हणजे चार मण्यांचं एक घर. चार मणी ओवून गोल बंद केला की ते चौकोनासारखे बसतात. पुढचं घर आधीच्या घराचा एक मणी वाटून घेतं म्हणून त्याला नवे तीनच मणी लागतात, आणि असं करत करत पट्टी वाढते. नियम एकच, दोरा समोरच्या मण्यात सरळ उडी मारत नाही, कडेकडेने वळत जातो, त्यामुळे मणी एकमेकांना काटकोनात बसतात. पट्टी मऊ आणि सुंदर होते पण सपाट असते, बोटावर धरली की मान टाकते. क्यूबिकमधे, म्हणजे ‘क्रॉ’ मधे, हीच घरं उभी करून खोका बांधायचा. खोक्याला बाजू सहा, कडा बारा, आणि प्रत्येक कडेवर एक मणी, म्हणजे पहिल्या क्यूबला १२ मणी. त्याच्यावर दुसरा क्यूब चढवला की खालच्याचं छत तीच वरच्याची जमीन, ४ मणी आयतेच मिळतात, ८ नवे घ्यायचे. एकावर एक चढवत गेलं की चौकोनी दोरी होते, आत काही न भरता स्वतःचा आकार धरून ठेवणारी. किती मणी लागतील ते काढायला क्यूबच्या संख्येला ८ ने गुणा आणि ४ मिळवा, बस.

आता बांधायचं कसं. जमिनीचे चार मणी गोल ओवले, सुई जमिनीच्या एका मण्यातून बाहेर आलीये. पहिली भिंत : ३ मणी उचला (एक खांब, एक वरचा आडवा, एक खांब) आणि सुई जमिनीच्या त्याच मण्यातून परत काढा, मग जमिनीच्या पुढच्या मण्यात सरका. दुसरी भिंत : एक खांब आधीच उभा आहे म्हणून २ मणी, त्या उभ्या खांबातून खाली, जमिनीच्या मण्यातून बाहेर, पुढे सरका. तिसरी भिंत तशीच, २. चौथ्या भिंतीला मात्र दोन्हीकडचे खांब तयार आहेत, फक्त वरचा आडवा नाहीये, म्हणून आधी पहिल्या भिंतीच्या खांबातून वर चढायचं, १ मणी घ्यायचा, शेवटच्या खांबातून खाली. मग सुई वर नेऊन चारही आडव्या मण्यांतून एक फेरी मारायची आणि ओढायचं, छत बंद. म्हणजे जमीन ४, आणि भिंती तीन, दोन, दोन, एक. एवढंच आहे. वाचताना सोपं वाटतं ना, मलाही शिकवताना तसंच वाटत होतं.

काकूंना ही दोरी हवी होती ती एका अगदी खास कामासाठी. त्यांच्या सासूबाईंच्या तन्मणीचं खोड, म्हणजे मधलं पदक, त्यांच्याकडे होतं, मोत्यांचे सर कधीच तुटून गेलेले, त्यातले निम्मे मोती पिवळे पडून पापुद्रे निघालेले. नोव्हेंबरमधे भाच्याचं लग्न होतं. सोनाराने परत मोत्यात गाठवून द्यायला हो म्हटलं होतं पण काकूंना ते नको होतं, त्यांच्या मते मोती म्हटलं की मग ते जपत बसायचं आणि शेवटी कपाटातच राहायचं. माझ्या गळ्यात त्यांनी गडद हिरव्या मण्यांची क्रॉची दोरी बघितली, चिमटीत धरून वाकवून बघितली आणि म्हणाल्या, “ही चालेल. ही शिकव.” मी म्हटलं काकू मी करून देते ना, तर म्हणाल्या, “करून द्यायची असती तर सोनारच बरा होता की.”

पहिले सहा रविवार

पहिल्या रविवारी चूक सामानाची झाली. काकूंनी बोहरी आळीतून स्वतःच मणी आणले होते, लोकल बारीक काचेचे, रंग फार सुरेख पण एक मणी जाड एक बारीक, काहींची भोकं अशी की सुई एकदा जाते आणि दुसऱ्यांदा अडते. साध्या माळेला काही बिघडत नाही, पण क्रॉमधे आडव्या मण्यातून दोरा चार-चार वेळा जातो, एकदा भिंत बांधताना, एकदा छत बंद करताना आणि मग तोच मणी वरच्या क्यूबची जमीन झाला की पुन्हा. पहिला क्यूब पुरा व्हायच्या आधीच दोन मणी फुटले. मी म्हटलं मियुकी या जपानी कंपनीचे ११/० घ्या. ११/० म्हणजे साधारण २ मिलिमीटरचा मणी, आणि यात आकडा वाढला की मणी लहान होतो, १५/० अजून बारीक आणि ८/० मोठा, हे उलटं गणित प्रत्येकीला एकदा तरी फसवतंच.

दुसरा रविवार सुईत गेला. १२ नंबरची सुई (इथेही तेच, आकडा मोठा तर सुई बारीक), त्यात फायरलाइन, ६१ वर्षांचे डोळे. फायरलाइन मुळात मासे पकडायची दोरी आहे, विणलेली, मजबूत, पण टोक गोल असतं त्यामुळे सुईच्या नेढ्यात जात नाही, पकडीने टोक चपटं करून घ्यावं लागतं. १० नंबरची सुई दिली, टेबललॅम्प जवळ आणला, खाली पांढऱ्याऐवजी खाकी रंगाचं मखमली कापड अंथरलं. हे सगळं झाल्यावर काकूंचा हात सुरेख चालायला लागला. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढचे चार रविवार मी मनात धरून चालले होते की वयामुळे जमत नाहीये, आणि ते साफ चूक होतं. त्यांच्या हाताला काहीच झालेलं नव्हतं. क्रोशाची साखळी आणि खांब त्या टीव्ही बघत विणतात.

तिसऱ्या रविवारी खरी अडचण दिसली. जमीन बरोबर, पहिली भिंत बरोबर, दुसरी बरोबर, तिसरी बरोबर आणि चौथ्याला परत २ मणी. हाताला सवय लागते ना, दोन-दोन-दोन, मग चौथ्यालाही दोनच. त्यामुळे एका कोपऱ्यात दोन खांब शेजारी शेजारी उभे राहतात, खोका फुगतो, छत बंद होत नाही. मी उसवायला लावलं. परत तेच. मी म्हटलं काकू चौथ्याला एक. त्या म्हणाल्या का? मी म्हटलं कारण दोन्ही खांब आधीच आहेत. त्या हो म्हणाल्या आणि पुढच्या वेळी एक मणी घेतला, पण खांबातून वर न चढता तिरकं गेल्या, तिथे दोरा उघडा पडला.

चौथ्या रविवारी मी अजून हुशारी केली. मला वाटलं त्यांचा पाया कच्चा आहे, आधी सपाट रॉ पक्का करूया. सपाट रॉमधे एका सुईने करताना दर घराला दिशा उलटते, एक घर घड्याळाप्रमाणे तर पुढचं उलट, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं. हे मी त्यांच्याकडून तासभर घोकून घेतलं, उजवं-डावं-उजवं-डावं. आणि मग क्रॉवर आलो तर त्यात बाहेरून बघितलं की चारही भिंती एकाच दिशेने फिरतात! कारण तिथे आपण प्रत्येक भिंतीनंतर जमिनीवरून पुढे सरकत असतो. म्हणजे जे तासभर घोकलं ते पुढच्या तासाला मीच खोटं पाडलं. काकू काही बोलल्या नाहीत, फक्त चष्मा काढून ठेवला.

पाचव्या रविवारी त्या वही घेऊन आल्या. मी पाठवलेल्या इंग्रजी आकृत्या त्यांनी पेनाने उतरवून काढल्या होत्या, प्रत्येक मण्याला नंबर आणि प्रत्येक दोऱ्याला बाण, एका क्यूबला दोन पानं. पोस्टात आयुष्य गेलेल्या बाईची वही, काय अक्षर होतं. आणि त्या वहीप्रमाणे एकेक बाण वाचत त्यांनी एक क्यूब पूर्णसुद्धा केला, पण दुसरा सुरू करताना सगळं बोंबललं, कारण आता जमिनीचे नंबर बदलले, छताचे ९, १०, ११, १२ हे आता १, २, ३, ४ झाले. त्यात टेबलवर ठेवताना क्यूब लोळला आणि छत कुठलं नि भिंत कुठली तेच कळेना. बारा मणी, एकाच रंगाचे, सहाही बाजू सारख्या. कसं कळणार.

सहाव्या रविवारी त्या उशिरा आल्या, थोडा वेळ ओवलं आणि म्हणाल्या, “राहू दे गं, तूच करून दे ती दोरी.” ‘पाच आठवडे, शून्य क्यूब’ असं मी वहीत लिहून ठेवलेलं होतं, आता पाचचे सहा केले. खरं तर एक झाला होता पण तो मी मोजला नव्हता, यावरूनच कळेल माझं डोकं कुठे चाललं होतं ते.

किल्ल्यांचा जुडगा

सातव्या रविवारी त्या आल्या त्या फक्त खोड माझ्याकडे द्यायला. टेबलवर पर्स, चष्म्याचं घर आणि किल्ल्यांचा जुडगा ठेवला, रोज ठेवायच्या तसाच. त्या जुडग्याला एक मण्यांचा चेंडू होता, लालपांढरा, लिंबाएवढा, प्लॅस्टिकचे मणी, जुना झालेला. सहा रविवार तो माझ्या डोळ्यांसमोर होता. माझ्याकडे एक कॉलेजची मुलगी येते, ती तो हातात घेऊन म्हणाली, “आजी हे कुणी केलंय?” काकू म्हणाल्या, “मीच, कुणी म्हणजे काय.”

ज्यांचं लहानपण ऐंशीच्या दशकातलं आहे त्यांना सांगायला नको, तेव्हा घरोघरी हे चालायचं, तंगूस (नायलॉनचा कडक दोरा) आणि प्लॅस्टिकचे मणी, त्याच्या पर्स, दारावरची तोरणं, ससे, टीपॉयवर ठेवायचं अननस. सुई नाही, तंगूस कडक असतो त्यामुळे टोकच सुईचं काम करतं. दोन टोकं दोन हातांत, मणी ओवायचे आणि शेवटच्या मण्यात दोन्ही टोकं समोरासमोरून घालून ओढायची, फुली. मुलीने शिकवा म्हटल्यावर माझ्या ड्रॉवरमधून तंगूस निघाला, मोठे ८ मिलिमीटरचे मणी निघाले आणि काकू भाच्याच्या लग्नाच्या हॉलवरून काय भांडणं झाली ते सांगता सांगता चेंडू करायला लागल्या. हातांकडे बघतसुद्धा नव्हत्या.

मी बघत होते. पहिलं घर ५ मण्यांचं. शेजारचं घर, एक मणी आधीचा, नवे ४. पुढचं, दोन आधीचे, नवे ३. परत ३, परत ३. आणि फेरीतलं शेवटचं घर, दोन्ही बाजू तयार, नवे फक्त २. पाच, चार, तीन, तीन, तीन, दोन. वरची फेरी तीन, दोन, दोन, दोन, एक, आणि वरचं पाचाचं घर आपोआप बंद. एकूण ३० मणी, पाच-पाच मण्यांची बारा घरं. फेरीतल्या शेवटच्या घराला एक मणी कमी घ्यायचा हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं, त्या नुसतं बोटाने चाचपायच्या की इथे किती भिंत आधीच आहे आणि राहिलेले उचलायच्या.

मी म्हटलं काकू, आता पाचाच्या ऐवजी चाराने करा.

त्या म्हणाल्या चाराचा चेंडू कसा होईल. मी म्हटलं करून तर बघा. चार मणी, फुली. तीन, फुली. दोन, फुली. दोन, फुली. मग हात क्षणभर थांबला, अंगठ्याने चाचपलं, एक मणी उचलला. तंगूस ओढला. टेबलवर ठेवला, बोटाने टिचकी मारली, तो लोळला आणि थांबला.

“अगं, हा तर फासा झाला.”

मी म्हटलं हाच तो क्यूब. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग जे म्हणाल्या ते मी तस्सं वहीत लिहिलंय, “हे तर मला ८२ सालापासून येतंय, मग तू मला सहा आठवडे काय शिकवत होतीस?”

कुठे अडलं होतं

नंतर बसून बोललो तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मला स्वतःला कधीच सुचली नसती. त्या म्हणाल्या, सुईने करताना मी सारखी दुसरं टोक शोधत होते. तंगूसच्या पद्धतीत एक टोक आधीच्या मण्यांतून फिरत जातं आणि दुसरं टोक नवे मणी उचलतं, दोघांची वाटणी ठरलेली. सुईच्या पद्धतीत एकच टोक दोन्ही कामं करतं, आधी नवे मणी उचलून गोल पूर्ण करायचा आणि मग जमिनीच्या मण्यातून पुढे चालत जायचं. मी शिकवताना ‘पुढे सरका’ असं दोन शब्दांत उडवत होते, जणू ते काही कामच नाही, आणि काकूंना कळत नव्हतं की ते सरकणं म्हणजेच त्यांचं हरवलेलं दुसरं टोक आहे. एवढं सांगितल्यावर त्यांनी सुई घेतली, मोठ्याच मण्यांवर, आणि क्यूब झाला. दहा मिनिटं म्हटलं ना ती ही.

दिशेचंही तेच. दोन टोकांच्या कामात घड्याळाप्रमाणे नि उलट असं काही नसतंच, दोन्ही टोकं एकमेकांना ओलांडतात. मी तासभर जे घोकून घेतलं त्याला त्यांच्या डोक्यात टांगायला खुंटीच नव्हती. आणि त्या बाणांच्या वहीचं म्हणाल तर मला आता वाटतं की बाण मोजून कुणीच क्रॉ शिकू नये. दोरा कुठून कुठे जातो हे लक्षात ठेवायला गेलं की क्यूब लोळला की संपलं. पण ‘मला ही भिंत बांधायची आहे, तिचे चारांतले किती मणी आधीच आहेत’ एवढंच विचारलं तर क्यूब कसाही धरा, उत्तर तेच येतं, पहिल्या भिंतीला एक आहे, मधल्यांना दोन, शेवटच्या भिंतीला तीन.

माझी चूक कुठे झाली तर मी काकूंना नवशिक्या धरलं. त्या आल्या तेव्हा मी विचारलं होतं, याआधी बीड वीव्हिंग केलंय का? त्या नाही म्हणाल्या. खरंच आहे, बीड वीव्हिंग त्यांनी कधीच केलं नव्हतं, मण्यांच्या पर्स केल्या होत्या. माझ्या डोक्यात हा टाका म्हणजे जपानी मणी, अमेरिकन दोरा आणि इंग्रजी आकृत्या असं सगळं गाठोडं होतं, आणि किल्ल्यांना लटकलेला तो चेंडू त्या गाठोड्यात बसत नव्हता, जुनी कीचेन वाटली. प्रश्न ‘मण्यांचं काही केलंय का’ असा असता तर पहिल्याच रविवारी चेंडू टेबलवर आला असता. आता तसाच विचारते.

मग दोरी

क्यूब जमला म्हणजे दोरी जमली असं नसतं, तिथे वेगळी दुखणी. काकूंना सरळ तंगूसमधेच दोरी करायची होती, म्हणाल्या हात बसलेला आहे. आम्ही ८/० च्या मण्यांत दहा क्यूब करून बघितले. ताठ झाली, अगदी पट्टीसारखी, गळ्यावर वळेना, आणि तंगूसची गाठ सुटते हे काकूंनाच माहीत होतं, त्यांच्या जुन्या पर्सा पिवळ्या पडून तडकल्या होत्या. म्हणून फायरलाइनच, एका वेळी दीड मीटरच, त्याहून जास्त घेतला तर गुंता.

खोडाला दोन्ही बाजूंना कड्या आहेत म्हणून दोरी दोन तुकड्यांत करायची होती, प्रत्येकी ६६ क्यूब, म्हणजे ५३२ मणी. पहिल्या तुकड्यात एका ठिकाणी दोरी काटकोनात वळली, एकदम एल. काकूंनी छताऐवजी बाजूची भिंत जमीन धरली होती. गंमत म्हणजे क्रॉमधे मुद्दाम कोपरा काढायचा असेल तर असंच करतात, त्यामुळे चौकटी, पेंडंट वगैरे होतात, पण इथे नको होता. तेव्हापासून सुरुवातीचं शेपूट कापायचं नाही, लोंबतं ठेवायचं आणि दोरी नेहमी शेपूट खाली करून धरायची असं ठरवलं. अजून एक ओळखायची खूण आहे, वरच्या टोकाच्या कोपऱ्यात तीन मणी भेटतात आणि मधल्या कोपऱ्यांत चार, बोटाला फरक लागतो.

दुसरं म्हणजे ओढ. पहिला तुकडा झाला पावणेआठ इंच. दुसऱ्या तुकड्याचे ६६ क्यूब झाले आणि मोजलं तर सव्वासात! मणी तेच, दोरा तोच, सुई तीच. मधल्या तीन आठवड्यांत काकूंचा हात घट्ट झाला होता, आधी इंचाला साडेआठ क्यूब बसत होते ते आता नऊ. मी म्हटलं पहिला उसवूया, तो जरा ढिलाच आहे. क्रॉ उसवणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहीत, दोरा एवढ्या वेळा आरपार गेलेला असतो की सुई मागे घेता येत नाही, कापावंच लागतं. काकूंनी साफ नकार दिला आणि दुसऱ्याला चार क्यूब वाढवले. लांबी जुळली. नीट हात लावून बघितलं तर एक बाजू किंचित मऊ लागते, पण गळ्यात कोण हात लावून बघतंय.

पण त्या चार क्यूबचे ३२ मणी वाढले आणि एकूण झाले १०९६. ११/० चे मियुकी १ ग्रॅमला साधारण ११० बसतात, म्हणजे १० ग्रॅमच्या पुडीत ११०० च्या आसपास, त्यातले वाकडे-चपटे बाजूला काढलेले, काही सोफ्याखाली गेलेले. शेवटच्या तीन क्यूबला मणी संपले. त्याच नंबरची दुसरी पुडी आणली तर रंगात बारीकसा फरक, लॉट वेगळा. दुकानदार म्हणाला एकच आहे, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली खरंच एकच दिसत होता, उन्हात नाही. सुदैवाने ते तीन क्यूब मानेमागे, दोरी अडकवायच्या जागी येत होते, अंबाड्याखाली. तेव्हापासून मी सगळ्यांना हिशेब करून वर दहा टक्के मणी एकदमच घ्यायला लावते, तेही एकाच लॉटचे.

खोड जोडणं सगळ्यात नाजूक होतं. ते जुनं, कड्यांच्या कडा घासून धारदार झालेल्या, आणि किचनच्या काट्यावर १८ ग्रॅम भरलं. दोरा थेट कडीत अडकवला असता तर महिन्याभरात कापला गेला असता. म्हणून दोरीच्या टोकाला १५/० मण्यांचा छोटा फास केला, मण्यांतून दोरा तीनदा फिरवून, त्यात जाड जंप रिंग (तोंड उघडून बंद करता येते अशी धातूची कडी) आणि ती रिंग खोडाच्या कडीत. धातूला धातू घासू दे, दोऱ्याला नको. उद्या काही झालंच तर रिंग बदलता येईल, दोरी उसवायला नको.

दोन्ही तुकडे मिळून काकूंना साधारण अकरा-बारा तास लागले, सुरुवातीला तासाला आठ-नऊ क्यूब, शेवटी पंधरा. मधे मी सुचवलं होतं की कोपऱ्याकोपऱ्यात १५/० चे सोनेरी मणी भरूया, तिथे बारीक फट दिसते ती झाकली जाते आणि दोरी अजून ताठ होते. नको म्हणाल्या, खोड दिसू दे की. बरोबर होतं त्यांचं.

आता क्लासमधे मी मोठ्या मण्यांनीच सुरुवात करते, तीन रंग, जमिनीला एक, खांबांना एक, छताला एक, आणि आकृती दुसऱ्या क्यूबपर्यंत दाखवतच नाही. चेंडूही करून घेतला दोघींकडून. एकीला त्याचा उपयोग झाला. कॉलेजच्या मुलीला अजिबात नाही, तिने तंगूसला आयुष्यात पहिल्यांदा हात लावला होता, तिला दोन टोकांचाच गोंधळ झाला आणि सुईने तीन रंगांत मात्र लगेच जमलं. तेव्हा चेंडू हे काही औषध नाहीये, काकूंना लागू पडलं कारण त्यांच्या हातात ते आधीच होतं.

लग्न झालं. खोड मिरवलं. मागच्या आठवड्यात काकूंचा फोन आला, त्यांना सुनेसाठी अजून नाजूक दोरी करायची होती, चौकोनीच्या ऐवजी त्रिकोणी होईल का म्हणून. मी म्हटलं होते ना, थांबा हं, किती मणी लागतील ते काढून सांगते, आणि पेन शोधायला लागले. पलीकडून आवाज आला, “जमीन तीन, मग तीन, दोन, एक. नऊ झाले. पुढच्यांना सहा-सहा. करूनच बघितलंय मी, तुला फक्त रंग विचारायला फोन केला.”